शेंड्यातली राख

३० एप्रिल १९९४

मर्ल,

एनिडचा फोन आला होता. तू पोचलीस, जेवलीस, झोपलीस, एवढंच सांगितलं तिनं. म्हटलं, दे तिला जरा, तर म्हणे अंघोळीला गेलीय. बहीण तुझीच. खोटं बोलताना तुझ्यासारखाच तिचाही आवाज चढतो. असू दे. फोनवर मलाही धड बोलता येत नाही, म्हणून लिहायला बसलो. वाचलं नाहीस तरी चालेल. म्हणजे चालणार नाही, पण मी काय करू शकतो?

झाडाचं सांगतो, तेवढंच तुला ऐकायचंय. गाडीत बसल्यावर काच खाली करून तू म्हणालीस, "नव्या झावळ्या फुटल्या की कळव. तेव्हा येईन. त्याआधी नाही." आता त्या फुटायला इथला मे ते ऑगस्टचा अख्खा हिवाळा जायचाय. तोवर लिहायचं काय? तर आपला अंगणातला नेचा ठीक आहे, छोट्या ताडासारखा उभा आहे. काल या मोसमात पहिल्यांदा दव गोठलं, अंगण पिठासारखं पांढरं झालं होतं. मी शिडी लावून चढलो, जुन्या झावळ्या वर वळवून शेंड्यावर मिटल्या, सुतळीनं बांधल्या आणि वरून गोणपाट गुंडाळलं. पेंढा भरला नाही. दरवर्षी शेंड्यातल्या वाटीत, जिथून कोंब येतात तिथे, पेंढा दाबून भरतो, पण यंदा वाटीत गॅरेथ आहे.

त्या दिवशीचं एकदाच बोलतो, मग पुन्हा नाही. तू शिडीवर होतीस, हातात राखेचा डबा. खाली तुझ्याकडचे, माझ्याकडचे, पाद्रीबाबा, शेजारचा क्लाइव्ह आणि त्याची बायको. तू म्हणालीस, "गॅरेथ इथूनच पाणी घालायचा याला. याचं तोंड वर असतं, म्हणायचा. आता तोच याच्या पोटात जाईल आणि वसंतात वर येईल." तळ्यातून त्याला काढलं त्या दिवसापासून तुझ्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच जरा जीव आला होता. आणि तेवढ्यात मी सगळ्यांदेखत ओरडलो, "नको मर्ल! राख खारट असते, कोंब जळेल, झाड मरेल!" तू ओतलीसच. खाली उतरलीस आणि माझ्याकडे न बघता म्हणालीस, "तुला पोरापेक्षा झाड प्यारं."

मी जन्मभर नेचे कापतो, विकतो, लोकांच्या बागांत लावून देतो. लहान मूल शेगडीकडे हात नेताना दिसलं की आपण ओरडतो ना, तसा ओरडलो गं. त्या वेळी डोक्यात गॅरेथ नव्हता आणि तूही नव्हतीस. काहीच नव्हतं.

लेस

१९ मे

मर्ल,

तुझं कार्ड मिळालं. एकच ओळ, "वाटीतलं काही हलवू नकोस." खाली सहीसुद्धा नाही. अक्षर ओळखतो म्हणून बरं.

नाही हलवत. पण माझी पंचाईत ऐक. गोणपाट घालून ठेवलं तर वाटी कोरडी राहते आणि राख तशीच कोंबावर बसून राहते. गोणपाट काढलं तर पावसानं राख हळूहळू खाली झिरपेल, मुळांत जाईल, तुला हवं होतं तसं होईल. पण रात्री उघडं राहिलं तर गारठा कोंब मारणार. म्हणून पावसाचं आभाळ दिसलं की मी चढतो आणि झाकण काढतो, आभाळ निवळायला लागलं की पळत येऊन पुन्हा घालतो. याला तू हलवणं म्हणशील का? पाऊस देवाचा आहे, मी फक्त गोणपाट काढतो.

परवा क्लाइव्ह कुंपणापाशी उभा राहून बघत होता. म्हणाला, "लेस, लेका, तान्ह्या पोराची दुपटी बदलल्यासारखं चाललंय तुझं." आणि मग त्याचं त्यालाच कळलं काय बोलून बसला ते. तोंड लाल झालं त्याचं. मी म्हटलं, "दुपटी मी कधी बदललीच नाहीत, मर्ल बदलायची." जाताना त्यानं आपली टोपी माझ्या कुंपणाच्या खांबावर विसरली. दुसऱ्या दिवशी ती न्यायला आला, तेव्हा मटणाचे तुकडे आणि उकडलेले बटाटे घेऊन आला. बायकोनं दिलेत म्हणे. त्याची बायको तुझी चौकशी करते. मी सांगतो, तिकडे उत्तरेला बहिणीकडे उबेत आहे.

कडेनं दोन बोटं घालून बघितली. येत्या वसंतातल्या झावळ्यांच्या गुंडाळलेल्या मुठी आत आहेत, तपकिरी केसांखाली दाबून बसल्यात, घट्ट आहेत. हे खरं सांगतोय. माझ्या बोटांच्या पेरांइतक्या घट्ट. तुझा हात धरून लावला असता तर तुलाही पटलं असतं.

तू जेवतेस का? एनिडला पपई कापून द्यायला सांग. ती साल न काढता देते, तुला चालत नाही.

लेस

१४ जून

मर्ल,

पाऊस गेला तो गेलाच. रोज निळंशार आभाळ आणि रोज कडक गारठा. गोठलेला नळ सकाळी केटलीच्या गरम पाण्यानं सोडवावा लागतो. लोक दुकानात भेटतात आणि म्हणतात, काय सुंदर हवा आहे! मला त्यांच्या तोंडात मारावंसं वाटतं. गोणपाट काढायची सोयच नाही. आत राख कोरडी, कोंबावर तशीच.

तुला हसू येईल असं एक सांगतो. एक पॉसम, चांगला बोक्याएवढा, झावळ्यांच्या मोळीत शिरला. गोणपाट दातांनी फाडून मस्त घर केलं होतं त्यानं. संध्याकाळी बघतो तर शेंड्यातून दोन डोळे माझ्याकडे बघतायत. मी झाडू घेऊन शिडीवर चढलो. "ऊठ तिथून, हरामखोरा, ती जागा कुणाची आहे माहितीय का तुला?" असं काय काय बोललो. तो ढिम्म हलेना. शेवटी शेपटीला धरून ओढला तर मनगटाला ओरबाडून पळाला. मग मी शिडीवरच बसलो. बराच वेळ बसलो. हसू येईल म्हणून सांगायला घेतलं होतं, पण लिहिताना तसं वाटत नाही.

त्याच्या पंजांना काय लागलं असेल, कुठे कुठे गेलं असेल, हा विचार मी करत नाही. तूही करू नकोस.

घर फार मोठं झालंय. गॅरेथच्या खोलीचं दार लावून घेतो, तर वाऱ्यानं उघडतं. खुर्ची टेकवून ठेवलीय. त्याचे गळ, काठ्या, ते मेणकापडाचं जॅकेट, सगळं जिथल्या तिथे आहे. तू आल्यावर बघू. नाहीतर नकोच बघूया.

लेस

९ जुलै

मर्ल,

झाडाचं उत्तम आहे. मुठी घट्ट आहेत. काही काळजी करू नकोस.

भोपळ्याचं सूप करायला शिकलो, क्लाइव्हच्या बायकोनं सांगितलं तसं. जायफळ जास्त पडलं. लाकडं पुरेशी आहेत. चुलीचं धुराडं साफ केलं. शिडी उतरवून शेडमध्ये ठेवून दिली, आता सारखं वर चढायची गरज नाही. हातमोजे फेकून दिले, त्यांना वास यायला लागला होता.

छान चाललंय. खरंच छान चाललंय.

लेस

२८ ऑगस्ट

मर्ल,

एनिडनं लिहिलंय, जुलैचं पत्र वाचून तू दोन वाट्या सूप प्यालीस आणि आपण होऊन बाहेर फिरायला गेलीस. मी ते वाक्य इतक्यांदा वाचलं की घडीवर कागद फाटला.

इथे विशेष काही नाही. क्लाइव्ह हल्ली येत नाही. पाइपवरून आमचं वाजलं. कुठल्या पाइपवरून ते विचारू नकोस, पुरुषांची भांडणं अशीच असतात. त्याच्या गालाला जखम झाली, टाके घालावे लागले नाहीत. त्याची बायको रस्त्यात दिसली, तिनं मान दुसरीकडे वळवली. तिचं बरोबर आहे.

झाड ठीक.

लेस

१६ ऑक्टोबर

मर्ल,

केवढं मोठं पत्र तुझं! चार पानं, दोन्ही बाजूंनी. केस कापलेस, एनिडच्या शेजारणीबरोबर बाजारात गेलीस, निळा ड्रेस घेतलास. आणि बोटीचं तिकीट काढलंस. नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात, मंगळवारी सकाळी उतरणार. "तोवर पुरत्या उलगडल्या असतील ना रे? का अजून मुठीतच असतील? मुठीतच असल्या तर जास्त आवडेल मला, उघडताना बघता येईल." असं लिहिलंयस तू. "लेस, त्या दिवशी मी जे बोलले ते माझ्या तोंडून निघून गेलं. आल्यावर बोलू."

मर्ल, मी या पत्राला आठ वेळा उत्तर लिहायला बसलो. इथे काय लिहू?

दरीतले नेचे फुटलेत. क्लाइव्हच्या पाणवठ्यावरचे फुटलेत, शाळेच्या फाटकातले फुटलेत. सगळीकडे केसाळ मुठी वर आल्यात. गावातून गाडी नेताना मी नाकासमोर बघून चालवतो.

ये. तू ये. बाकीचं पुढच्या पत्रात.

लेस

८ नोव्हेंबर

मर्ल,

हे पत्र खाली बसून वाच. एनिडला जवळ बसव.

झावळ्या फुटल्या नाहीत. फुटणार नाहीत. झाड मेलं.

जुलैत मी घट्ट म्हणून लिहिलं ते खोटं होतं. त्या दिवशी सकाळीच कडेची एक मूठ बोटाखाली चेपली गेली होती, पाणी सुटलं होतं आणि वास आला होता. आतल्या मात्र टणक होत्या. पहिल्यांदा भीतीनं खोटं लिहिलं. तू सूप प्यालीस, फिरायला गेलीस हे कळल्यावर पुढचं खोटं मी आनंदानं लिहिलं. अजून महिनाभर लिहीत राहिलो असतो. पण आता तू बोटीत बसणार आहेस.

झाड वाचवता आलं असतं. हेही तुला माझ्याकडूनच कळू दे. ऑगस्टच्या मध्यावर गारठा थांबला आणि चार दिवस दुपारचं चांगलं ऊन पडलं. क्लाइव्ह स्वतःचा लांब पाइप घेऊन आला. म्हणाला, "लेस, आज धुऊन काढ. अर्धा तास पाणी सोड, खार निघून जाईल, मधल्या मुठी वाचतील. मर्लनं विचारलं तर पावसानं गेलं म्हणून सांग." त्याचं बरोबर होतं. गिऱ्हाइकाच्या बागेत मी हेच केलं असतं, आणि शीळ घालत केलं असतं.

मी शिडी परत काढली. चढलो, गोणपाट सोडलं, झावळ्या बाजूला केल्या. पाइप वाटीवर धरला आणि म्हणालो, "सोड." पाणी आलं. वाटी भरली, काठावरून पहिला ओघळ खोडावर आला. करड्या रंगाचा. खोडाच्या केसाळ मुळ्यांतून तो खाली गेला, बुंध्याशी थांबला, मग पायवाटेवर आला आणि गटाराकडे निघाला. मर्ल, तो चालला होता. मी वरून बघत होतो आणि तो गटाराकडे चालला होता.

मी ओरडलो, "बंद कर!" क्लाइव्ह म्हणाला, "अरे आत्ताशी तर सुरुवात..." मी पाइप भिरकावला, त्याचं पितळी तोंड त्याच्या गालाला लागलं. खाली कसा उतरलो आठवत नाही. गटाराच्या तोंडाशी गुडघ्यांवर बसून दोन्ही हातांनी माती लोटत होतो, चिखलाचा बांध घालत होतो. क्लाइव्हनं गालावर हात धरून नळ बंद केला आणि माझ्यामागे येऊन उभा राहिला. म्हणाला, "लेस, झाड मरेल रे."

मी म्हणालो, "मरू दे."

तू कार्ड पाठवलं होतंस म्हणून थांबलो असं समजू नकोस. तुझं कार्ड मला आठवलंही नाही. मला ते जमलंच नाही. सगळी अक्कल होती, पाणी होतं, ऊन होतं, माणूस मदतीला होता, आणि मला ते जमलं नाही. तू त्या दिवशी जे म्हणालीस त्याचं उत्तर म्हणून हे लिहीत नाहीये. उत्तर देऊन कुणाला काय मिळणार आहे? ना झाड राहिलं, ना तो वर आला.

परवा क्लाइव्ह आला. ऑगस्टनंतर पहिल्यांदाच. गालावर पांढरी रेघ आहे. त्याच्या गाडीवर ताडपत्रीखाली एक नेचा आडवा होता. याच उंचीचा, बुंध्याशी असाच डावीकडे कललेला, आणि शेंड्यात चांगल्या सात-आठ मुठी वर आलेल्या. ज्या रानातली झाडं रस्त्यासाठी पाडतायत तिथून परवान्यानं उचलला होता, नवा आहे हे तुला कळू नये म्हणून परवान्याच्या शिक्क्याची पट्टी त्यानं आधीच काढून टाकली होती. म्हणाला, "मेलेला उपटू, हा लावू, वरची राख याच्या वाटीत घालू. तासाभराचं काम आहे. बायकांना काय कळतंय त्यातलं?"

मी म्हटलं, "तुझ्या बायकोला नसेल कळत. माझी बायको पंधरा वर्षं या झाडाकडे बघत भांडी घासतेय."

बोललो असा ताठ, पण तुझ्यापाशी खरं सांगतो, मी त्याला जा म्हणालो नाही. त्याला चहा दिला. दोघं पायरीवर बसलो आणि मी त्या गाडीवरच्या मुठींकडे बघत बसलो. तू आलीस, फाटक उघडलंस, मुठी बघितल्यास, हात तोंडावर नेलास, हे सगळं मला दिसत होतं. तुझा निळा ड्रेससुद्धा दिसत होता. आणि मग तू मरेपर्यंत रोज त्या परक्या झाडाशी बोलशील आणि मी आत बसून ऐकेन, हेही दिसलं. तरीही मी म्हणालो, "थांब, आधी राख काढून घेतो."

शिडीवर चढलो आणि वाटीत हात घातला. मनगटापर्यंत आत गेला. काही अडलंच नाही. अख्खा शेंडा नासक्या भोपळ्यासारखा माझ्या हातात आला. काळा लगदा, आणि त्या लगद्यात पांढरे पांढरे कण. वेगळे काढायचे कसे? चहाच्या गाळणीनं? मी वरूनच विचारलं, "क्लाइव्ह, आता रे?" तर तो डोळे पुसत होता. त्याला मी लहानपणापासून ओळखतो, पण त्याला रडताना कधी पाहिलं नव्हतं.

त्याला त्याचं झाड परत न्यायला सांगितलं. गेला बिचारा. आपलं खोड तिथेच उभं आहे, वरून उघडं. हातात आलं होतं ते मी पुन्हा त्यातच ठेवलं, कारण दुसरीकडे कुठे ठेवू? मग मोरीपाशी जाऊन उभा राहिलो, पण नळ सोडवेना. हात तसाच वाळला. डाव्या हातानं ब्रेड खाल्ला. आजही उजवा हात तसाच आहे, त्याच हातानं लिहितोय, म्हणून कागदावर डाग आहेत. कागद फेकू नकोस.

मला आता काहीही नकोय गं. सकाळी उठतो तेव्हा पाय जमिनीला लावायचा कंटाळा येतो. झाडाची निगा होती तोवर उठायला काहीतरी कारण होतं. तू येणार हेही कारण होतं, पण तू झावळ्यांसाठी येणार होतीस.

तुझी बोट मंगळवारी सकाळी लागेल. मी धक्क्यावर असेन. तुला दाखवण्यासारखं माझ्याकडे काही नाही, तोंडसुद्धा नाही. मी चौकशी केली, तीच बोट त्याच संध्याकाळी परत जाते. माझ्याकडे बघून तुला परत फिरावंसं वाटलं तर मी अडवणार नाही, तुझी बॅग मीच वर चढवून देईन. पण तू ये. बोटीवरूनच बघून आत जाऊन बसू नकोस. एकदा खाली उतर.

लेस